झेनोफॉन : सैनिक झकास, इतिहासकार बरा, पण तत्त्वज्ञ?

पिंपळपान
मंडळी, सध्या झेनोफॉन वाचतोय. ज्यांचा याच्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अथेन्सच्या खात्यापित्या घरातला मुलगा, इ.स.पू. ४३० च्या आसपासचा जन्म, बापाचं नाव ग्रिलस, आणि तरुणपणी सॉक्रेटिसच्या नादी लागला. इ.स.पू. ४०१ मध्ये प्रॉक्सिनस नावाच्या मित्राने बोलावलं म्हणून इराणचा राजपुत्र धाकटा सायरस याच्या भाडोत्री ग्रीक फौजेबरोबर निघाला. सायरसला थोरल्या भावाची, आर्टाझर्क्सिसची गादी हवी होती, पण फौजेला सांगितलं होतं की पिसिडियातल्या पुंडांचा बंदोबस्त करायचाय. बॅबिलोनच्या अलीकडे कुनाक्साला लढाई झाली, ग्रीकांनी आपली बाजू मारली आणि तिकडे सायरसच पडला! मग बोलणी करायला गेलेल्या ग्रीक सेनापतींना इराणी सुभेदार टिसाफर्निसने दगा देऊन पकडलं, पुढे त्यांची मुंडकी उडवली. उरली हजारो माणसं, परका मुलूख, वाटाड्या नाही, घोडदळ नाही. त्यांना काळ्या समुद्रापर्यंत ज्यांनी आणलं त्यातला एक म्हणजे हा झेनोफॉन, आणि ही सगळी हकिकत त्याच्या 'अनाबासिस'मध्ये आहे.

इथवर मी फिदा. मग उत्साहाने त्याचं सॉक्रेटिसवरचं 'मेमोराबिलिया' घेतलं आणि पार हिरमोड झाला हो. प्लेटोचा सॉक्रेटिस वाचताना डोकं गरगरतं, आणि इथला सॉक्रेटिस म्हणजे कॉलनीतले रिटायर्ड हेडमास्तर. कमी खा, व्यायाम करा, मित्रांना मदत करा, आईला उलटून बोलू नका. हे काय तत्त्वज्ञान झालं? तरी जुन्या काळी याला चक्क तत्त्वज्ञांच्या पंक्तीत बसवायचे.

तर प्रश्न असा, की याला तत्त्वज्ञ म्हणायचं का? आणि दुसरा उपप्रश्न, स्वतःच्याच पराक्रमाची गोष्ट स्वतःच लिहिणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?

तिरकस
खुर्ची टाकून बसलोय. 

बाकी 'अनाबासिस'मध्ये स्वारी स्वतःबद्दल "झेनोफॉन म्हणाला", "झेनोफॉन धावला" असंच लिहिते ना? आमच्या नगरसेवकांचं फ्लेक्सवरचं मनोगत पण असंच असतं.

बाराखडी
@तिरकस, त्याहून भारी पुढे आहे. आपल्या 'हेलेनिका' या इतिहासात या मोहिमेचा विषय निघाला की हा म्हणतो, ती हकिकत सिरॅक्यूजच्या थेमिस्टोजेनिसने लिहिली आहे. म्हणजे स्वतःचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर! पुढच्या काळातल्या प्लुटार्क या चरित्रकाराने याचा अर्थ असा लावलाय की स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या तोंडून आली की लोकांना खरी वाटते.

विश्वासाचं म्हणाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. डिओडोरस सिक्युलस या दुसऱ्या इतिहासकारानेही या दहा हजार ग्रीकांच्या परतीची हकिकत दिलीये, आणि तिच्यात परतीच्या वाटेवर झेनोफॉनचं नावसुद्धा येत नाही. नेता म्हणून येतो तो स्पार्टाचा चिरिसोफस. झेनोफॉन उगवतो तो पार थ्रेसमध्ये पोचल्यावर. आता बोला.

उंबरठा
बाराखडी, मुद्दा मान्य पण त्यावरून लगेच "थापाड्या" असा शिक्का मारू नका. चिरिसोफस आघाडीला होता आणि आपण पिछाडीला होतो, हे झेनोफॉन स्वतःच सांगतो की. आणि जो माणूस फक्त स्वतःचा ढोल बडवायला बसलाय तो स्वतःवर झालेल्या तक्रारी कशाला लिहून ठेवेल?

दोन प्रसंग सांगते. एका टेकडीचा माथा शत्रूच्या आधी गाठायचा असतो. झेनोफॉन घोड्यावर बसून सगळ्यांना "चला चला" करतोय, तर सोटेरिडास नावाचा शिपाई म्हणतो, तुझं बरंय, तू घोड्यावर, मी इथे ढाल वाहून मरतोय. हा घोड्यावरून उडी मारतो, त्याला रांगेतून ढकलतो, त्याची ढाल घेतो आणि चढायला लागतो. अंगात घोडेस्वाराचं जड चिलखत, त्यामुळे दमछाक होतेय, पुढच्यांना म्हणतो व्हा पुढे आणि मागच्यांना म्हणतो या. शेवटी बाकीचे शिपाईच सोटेरिडासला बदडून, दगड मारून, शिव्या घालून ढाल परत घ्यायला लावतात.

दुसरा प्रसंग जास्त अंगावर येतो. मोहीम संपत आल्यावर काही जण झेनोफॉनवर आरोप करतात की याने आम्हाला मारलं. पहिला फिर्यादी उभा राहतो, हा त्याला ओळखतो. बर्फातून येताना याच्या खेचरावर एक आजारी सैनिक लादला होता. मागून झेनोफॉन येऊन बघतो तर हा खड्डा खणतोय, त्या माणसाला पुरायला. तेवढ्यात तो माणूस पाय आखडून घेतो. सगळे ओरडतात, अरे जिवंत आहे! तर हा म्हणतो, असू दे जिवंत, मी काही त्याला नेणार नाही. तेव्हा झेनोफॉनने त्याला हाणला. फिर्यादी वर तोंड करून विचारतो, मग, शेवटी मेलाच ना तो? त्यावर झेनोफॉन, मरणार तर आपण सगळेच आहोत, म्हणून काय सगळ्यांना जिवंत पुरायचं?

शेवग्याची_शेंग
बापरे. उंबरठा तै, दंडवत. हे शाळेत का नाही शिकवत, आम्हाला नुसतं "अथेन्स येथे लोकशाही होती" एवढंच.

निवांत_पाटील
प्रश्न राहिला बाजूला पण एक सांगा, हा माणूस शेवटी स्वतःच्याच गावाविरुद्ध उभा राहिला ना? इ.स.पू. ३९४ ला कोरोनियाच्या लढाईत स्पार्टाचा राजा अगेसिलाउस एकीकडे आणि समोर थीब्ज, अथेन्सची युती. झेनोफॉन कुठे, तर अगेसिलाउसच्या बरोबर. अथेन्सने हद्दपार केलं, स्पार्टाने ऑलिम्पियाजवळ स्किलसला इस्टेट दिली, तिथे शिकार, शेती, आर्टेमिस देवीचं छोटं देऊळ, दरवर्षी जत्रा आणि निवांत लेखन. याला आमच्याकडे फितुरी म्हणतात. आणि असा माणूस आपल्याला कर्तव्य, संयम वगैरे शिकवणार?

बाराखडी
पाटील साहेबांना +१. आणि ही फितुरी लेखणीतही उतरलीय. 'हेलेनिका' ४११ पासून ३६२ पर्यंतचा इतिहास, आधीचा इतिहासकार थुसिडिडिस जिथे थांबला साधारण तिथून हा चालू करतो, तेही "यानंतर" म्हणून, ना प्रस्तावना ना काही. स्पार्टाचं नाक कापणाऱ्या गोष्टी मात्र गाळतो. ३७९ ला थीब्जच्या लोकांनी स्पार्टाची शिबंदी हाकलली, त्याचा नायक पेलोपिडास. झेनोफॉन तो प्रसंग चांगला रंगवून सांगतो, बायकांचे वेश करून मारेकरी आत कसे शिरले ते सुद्धा, पण पेलोपिडासचं नाव नाही! लेउक्ट्राला ३७१ मध्ये थीब्जच्या एपामिनोंडासने स्पार्टाचं कंबरडं मोडलं, तिथेही एपामिनोंडासचं नाव नाही. स्पार्टाला शह द्यायला मेगालोपोलिस शहर वसवलं गेलं त्याची साधी नोंद नाही. स्पार्टाविरुद्ध दुसरा अथेनियन संघ झाला तोही गायब. अहो हे म्हणजे इतिहास कमी आणि रुसवे जास्त.

उंबरठा
गाळतो हे खरंय, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण स्पार्टाचा आंधळा भक्त म्हणू नका. स्पार्टाने शांततेच्या काळात थीब्जचा किल्ला बळकावला, तर हाच 'हेलेनिका'त लिहितो की शपथ मोडल्याची शिक्षा देवांनी त्यांना दिली. आणि स्पार्टाच्या राज्यव्यवस्थेवर जे कौतुकाचं पुस्तक आहे त्यात शेवटाकडे अचानक म्हणतो की आता हे लोक आपल्या जुन्या कायदेकर्त्याचे, लायकर्गसचे कायदे पाळत नाहीत, पैशाच्या आणि परदेशातल्या अधिकारपदांच्या मागे लागलेत.

आणि पाटील, हद्दपारी सायरसबरोबर गेल्यामुळे झाली की कोरोनियामुळे, यावरच अभ्यासकांचे दोन तट आहेत. शिवाय ज्या गावाने ३९९ मध्ये याच्या गुरूला विष पाजलं त्या गावाबद्दल याने काय प्रेमगीतं लिहायची? तेव्हा हा आशियात होता, शेवटची भेटसुद्धा नाही.

निवांत_पाटील
गुरूला मारलं म्हणून गावाविरुद्ध? मग प्लेटोने काय करायला हवं होतं? तो तर तिथेच राहिला आणि शाळा काढली.

घोडेवाली
धागा उशिरा बघितला. मी इतिहासवाली नाही, पुण्याजवळ घोडे शिकवते. आमच्यात झेनोफॉन माहीत असतो तो त्याच्या घोड्यावरच्या छोट्या पुस्तकामुळे! आणि मी सांगते, ते पुस्तक आजही कामाचं आहे.

घोडा विकत घेताना आधी पाय आणि खूर बघा म्हणतो, मग वर सरका. त्या काळात नाल नव्हते, त्यामुळे खूर टणक व्हावेत म्हणून तबेल्याबाहेर मुठीएवढे गोल दगड पसरून त्यावर घोडा उभा करा, खरारा करताना तो आपोआप पाय हलवत राहील. रिकीबही नव्हती, मग भाल्याचा आधार घेऊन कसं चढायचं ते सांगितलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रागात असताना घोड्याजवळ जाऊ नका. एखाद्या वस्तूला घोडा बुजला तर मारून पुढे ढकलू नका, मारलंत तर भीती दुप्पट होते, कारण त्याला वाटतं दुखतंय ते त्या वस्तूमुळेच. आधी आपण त्या वस्तूला हात लावून दाखवा, मग हळूच त्याला जवळ न्या. सक्तीने करून घेतलेलं घोड्याला कळत नाही आणि ते देखणंही दिसत नाही, नर्तकाला चाबूक मारून नाचवल्यासारखं होतं, असं त्याचं म्हणणं.

आमच्याकडे नवीन पोरं येतात ना, त्यातली निम्मी लगाम खेचून घोड्यावर ओरडतात. लगाम ओढला की घोडा मान वर टाकतो, तोंड उघडतो, पाठ खाली जाते, आणि मग पोरगं म्हणतं घोडा हट्टी आहे. त्यांना मी हेच सांगते, की बाबा हे दोन हजार वर्षांहून जुनं आहे, तुझ्या आधीच्या लोकांना कळलेलं आहे.

पिंपळपान, हे तत्त्वज्ञान नाही तर काय आहे?

वाचनवेडा
घोडेवाली, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

तिरकस
घोडेवाली बाई, तुमच्या या अश्वप्रेमी माणसाने 'अनाबासिस'मध्ये काय भाषण ठोकलंय ते बघा. शिपाई घाबरलेत, शत्रूकडे एवढं घोडदळ आणि आपल्याकडे एकही स्वार नाही. तर हा म्हणतो, दहा हजार स्वार म्हणजे शेवटी दहा हजार माणसंच, लढाईत घोडा चावून किंवा लाथ मारून कुणी मेल्याचं ऐकलंय का? आपण घट्ट जमिनीवर उभे, ते पडायच्या भीतीने वर लटकलेले. त्यांना एकच फायदा, पळून जाणं सोपं. 

हसून हसून पुरेवाट. आणि मग थोड्याच दिवसांत सामानाची घोडी काढून पन्नासेक स्वारांचं घोडदळ उभं करतो ते वेगळंच.

शेवग्याची_शेंग
त्याच भाषणात शिंकेची गंमत आहे ना? कुठेतरी वाचलं होतं.

उंबरठा
हो हो. हा ठेवणीतलं चिलखत घालून बोलायला उभा राहतो, "वाचण्याची आशा आहे" एवढं म्हणतो आणि कुणीतरी शिंकतं. आपल्याकडे असतं तर आजीने सगळ्यांना परत बसवून पाणी प्यायला लावलं असतं. तिथे उलट, अख्ख्या सैन्याने देवाला नमस्कार केला, झ्यूसने कौल दिला म्हणून. आणि या पठ्ठ्याने लगेच तो धागा पकडून नवस बोलून घेतला. मग गाड्या जाळा, तंबू जाळा, जास्तीचं सामान टाका, हे सगळं मंजूर करून घेतलं.

सोनटक्का
मी कामानिमित्त तुर्कस्तानात राहतो, त्राब्झोनला जाणं होतं, म्हणजे झेनोफॉनचं ट्रापेझस. तिथल्या डोंगरात रानटी मध मिळतो, तुर्कीत त्याला "देली बाल" म्हणजे वेडा मध म्हणतात. ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचा, त्यात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. झेनोफॉनच्या लोकांनी तिथल्या गावांत पोळी बघितली आणि ताव मारला. उलट्या, जुलाब, कुणाला उभं राहवेना, थोडा खाल्लेले दारू प्यायल्यासारखे, जास्त खाल्लेले वेड लागल्यासारखे, मोठा पराभव झाल्यागत सगळे जमिनीवर आडवे. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळेला शुद्धीवर यायला लागले, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठले, मेलं कुणी नाही. आजच्या डॉक्टरांनी लिहिलेली लक्षणं वाचा, बऱ्यापैकी जुळतात. म्हणजे निदान इथे तरी गडी थापा मारत नाहीये.

पुढे सेनापती पाँपीच्या रोमन सैनिकांना तिथल्याच लोकांनी हा मध मुद्दाम वाटेवर ठेवून खिलवला आणि झिंगल्यावर कापून काढलं, असं भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. म्हणजे रोमनांनी झेनोफॉन नीट वाचला नव्हता.

मी स्वतः तो मध चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलाय. घशाला चरचरतो, कडवट. पुढे जायची हिंमत झाली नाही. :)

तिरकस
भारतात कुरियर करता का?

सोनटक्का
तुमच्यासाठी किलोभर पाठवतो.

पिंपळपान
धाग्याचं मधुचंद्रात रूपांतर होण्यापूर्वी... सोनटक्का, तो समुद्र दिसल्याचा प्रसंग त्याच भागातला ना?

सोनटक्का
हो, त्याच्या थोडा आधीचा. थेखेस नावाचा डोंगर, नेमका कोणता यावर वाद आहेत. वाटाड्याने वचन दिलेलं असतं, पाच दिवसांत समुद्र दाखवतो, नाहीतर माझा जीव घ्या. झेनोफॉन नेहमीप्रमाणे मागे. पुढून आरडाओरडा येतो, याला वाटतं हल्ला झाला, घोड्यावर बसून मदतीला धावतो, तर ऐकू येतं "थालाट्टा! थालाट्टा!", समुद्र! समुद्र! मग सेनापती, शिपाई सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, दगडांची मोठी रास रचली. वाटाड्याला घोडा, चांदीचा पेला, इराणी पोशाख आणि दहा दारिक म्हणजे सोन्याची इराणी नाणी दिली, शिवाय त्याने शिपायांच्या बोटातल्या अंगठ्या मागून घेतल्या. मला या प्रसंगात तो वाटाड्याच जास्त आवडतो. सगळे रडतायत आणि हा अंगठ्या गोळा करतोय.

बाराखडी
अवांतर : निनेव्हेचा किस्सा कुणी सांगितला नाही अजून? टायग्रिसच्या काठाने येताना यांना दोन ओसाड शहरं लागली. एकाला हा लारिसा म्हणतो, दुसऱ्याला मेस्पिला. मेस्पिलाचा पाया शंखशिंपल्यांनी भरलेल्या घडीव दगडाचा, पन्नास फूट रुंद, पन्नास फूट उंच, त्यावर शंभर फूट विटांची भिंत. हा लिहितो, इथे पूर्वी मीड लोक राहायचे. आज आपल्याला माहितीये की लारिसा म्हणजे निमरुद आणि मेस्पिला म्हणजे निनेव्हे, असिरियाची राजधानी! इ.स.पू. ६१२ ला पडली, आणि दोनशेच वर्षांत तिथून जाणाऱ्या शिकल्यासवरल्या ग्रीकाला असिरियाचं नावही सुचत नाही. मी याच्यावर टीका करत असलो तरी ही दोन पानं मी परत परत वाचलीत.

गावरान_तूप
मला त्याचं 'इकॉनॉमिकस' आवडतं/आवडत नाही, दोन्ही. घरसंसारावरचा संवाद आहे. इस्कोमाखस नावाचा सज्जन गृहस्थ सॉक्रेटिसला सांगतो की मी माझ्या बायकोला कसं शिकवलं. बायको लग्नात पंधरा वर्षांचीही नव्हती. घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी, ओळीने मांडलेली भांडीसुद्धा सुंदर दिसतात, पावडर आणि उंच टाचा कशाला, त्यापेक्षा कणीक मळ, अंथरुणं झटक, म्हणजे खरा रंग चढेल. वाचताना हात शिवशिवतात. पण त्याच पुस्तकात असंही आहे की स्मरण आणि संयम देवाने स्त्री-पुरुष दोघांना सारखाच दिला आणि बायको नवऱ्यापेक्षा सरस निघाली तर नवऱ्याने तिचा सेवक व्हावं. इ.स.पू. चौथ्या शतकात हे लिहिणं सोपं नसणार.

आता चावडीवरची बातमी. अँडोसिडिस नावाच्या वक्त्याचं कोर्टातलं भाषण आहे, त्यात तो सांगतो की कॅलियासने इस्कोमाखसच्या मुलीशी लग्न केलं आणि वर्षभराच्या आत तिच्या आईलाही घरात आणून ठेवलं. अनेक अभ्यासक म्हणतात की हा तोच इस्कोमाखस, म्हणजे ती आई तीच आदर्श गृहिणी! आणि हा कॅलियास कोण, तर झेनोफॉनच्याच 'सिंपोझियम'मधल्या मेजवानीचा यजमान.

तिरकस
अगागा. भांडी ओळीने लावून काय उपयोग मग.

शेवग्याची_शेंग
हे झेनोफॉनला माहीत असणारच ना? म्हणजे सगळं पुस्तकच उपरोधाने लिहिलंय का?

गावरान_तूप
तसं म्हणणारेही आहेत. मला नाही पटत तेवढं. इतका छुपा उपरोध असेल तर तो दोन हजार वर्षं लोकांना कळलाच नाही म्हणायचा, ते पुस्तक शेतीचं आणि संसाराचं गाईड म्हणून लोक सरळ वाचत आले.

उंबरठा
मूळ प्रश्नाकडे येते. पिंपळपान, तुम्ही 'मेमोराबिलिया'तला आरिस्टार्खसचा प्रसंग वाचलात का? अथेन्समध्ये यादवी चाललीये, बरीच पुरुषमंडळी शहर सोडून पिरियस बंदराला गेलेली, आणि आरिस्टार्खसच्या घरात बहिणी, भाच्या, चुलत बहिणी मिळून चौदा माणसं येऊन पडलीत. शेतं शत्रूच्या हातात, घरभाडं नाही, कर्ज कुणी देत नाही. तो सॉक्रेटिसला म्हणतो काय करू. सॉक्रेटिस विचारतो, त्यांना लोकर विणता येते ना? येते, पण त्या घरंदाज आहेत, कामाला कसं लावू? सॉक्रेटिस म्हणतो, घरंदाज म्हणून काय नुसतं खायचं आणि झोपायचं? मग लोकर आणली जाते, बायका कामाला लागतात, जेवतानाही काम चालू, घरातलं वातावरण बदलतं. पुढे आरिस्टार्खस हसत येऊन सांगतो, आता त्या मलाच म्हणतात की घरात एकटा तूच फुकट खातोस!

प्लेटोच्या सॉक्रेटिसकडे हा गेला असता तर "कष्ट म्हणजे काय" यावर संध्याकाळ झाली असती आणि घरी चौदा जणी उपाशी.

तसाच ग्लॉकॉनचा प्रसंग. प्लेटोचा सख्खा भाऊ, विशीसुद्धा गाठलेली नाही आणि पुढारी व्हायचंय, कुणाचं ऐकत नाही, व्यासपीठावरून ओढून खाली आणतात. सॉक्रेटिस त्याला गोडीगुलाबीने विचारतो, राज्याचं उत्पन्न किती? खर्च किती? चांदीच्या खाणीतून हल्ली कमी का येतं? धान्य किती महिने पुरेल? एकाचंही उत्तर नाही. मग म्हणतो, आधी तुझ्या मामाचं एक घर तरी नीट चालवून दाखव.

पिंपळपान
हे दोन्ही वाचलेत, ग्लॉकॉन तर आवडलाच. पण तरी माझा मुद्दा तोच राहतो. हा शहाणपणा झाला, व्यवहारज्ञान झालं. सॉक्रेटिस का मेला, याचं झेनोफॉनचं उत्तर काय तर म्हातारपणी दिसणार नाही, ऐकू येणार नाही, त्यापेक्षा आत्ताच सुटलेलं बरं, म्हणून कोर्टात मुद्दाम ताठ्याने बोलला. तेही सॉक्रेटिसच्या सोबत्याकडून, हर्मोजेनिसकडून ऐकलेलं, स्वतः हजर नव्हता. एवढ्या मोठ्या मरणाला एवढंसं कारण?

घोडेवाली
माझे वडील नव्वदीत आहेत. मला ते कारण एवढंसं वाटत नाही.

निवांत_पाटील
घोडेवाली... ह्म्म.

तरी एक सांगतो, गुरूचंही याने धड ऐकलं नाही. सायरसबरोबर जाऊ का म्हणून सॉक्रेटिसला विचारलं, तो म्हणाला डेल्फीच्या देवळात जाऊन कौल घे. याने तिथे जाऊन विचारलं काय, तर प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कोणत्या देवाची पूजा करू! जाऊ की नको हा प्रश्नच नाही. सॉक्रेटिस रागावला, मग म्हणाला आता विचारलंच आहेस तर देवाने सांगितलंय तसं कर. आमच्या घरात सुनेने "कोणती साडी आणू" विचारावं तसं, आणू का हा विषयच नाही. आणि ही गोष्ट कोण सांगतो, तर हा स्वतः. ते मात्र मला आवडतं याचं, एवढं कबूल करतो.

बाराखडी
पाटील विरघळले, नोंद घ्या.

माझं मत, इतिहासकार म्हणून थुसिडिडिसच्या पासंगाला पुरत नाही, तत्त्वज्ञ म्हणून प्लेटोच्या नाही. पण शिपाई, शेतकरी, घोडा, शिकार, राज्याचा महसूल, घरातली भांडी, एवढ्या सगळ्यावर लिहिणारा त्या काळातला दुसरा ग्रीक मला दाखवा. महसुलाच्या पुस्तकात मात्र सरकारने प्रत्येक नागरिकामागे तीन गुलाम विकत घ्यावेत आणि खाणमालकांना भाड्याने द्यावेत असं सुचवलंय, ते वाचून त्याच्या शहाणपणाच्या मर्यादाही कळतात.

वाचनवेडा
सुरुवात कशापासून करावी? सॉक्रेटिसपासून की मोहिमेपासून?

उंबरठा
'अनाबासिस', आणि तिसऱ्या भागापर्यंत धीर धरा, पहिल्या भागात "इतके परसंग चाललो, अमुक शहर लागलं" असं बरंच आहे (परसंग म्हणजे अंतराचं इराणी माप). जुने इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट मिळतात. नकाशा शेजारी ठेवा. 'सायरोपीडिया' सगळ्यात शेवटी, ती थोरल्या सायरसवरची जवळपास कादंबरीच आहे, इतिहासकार हिरोडोटसच्या गोष्टीत जो सायरस लढाईत मरतो तो इथे अंथरुणावर पडून मुलांना उपदेश करत शांतपणे जातो.

तिरकस
मी पाचव्या भागापासून वाचणार. तिथे म्हणे थुरीचा एक शिपाई सभेत उठून सांगतो, सामान बांधून, चालून, पळून, पहारे देऊन कंटाळलो बुवा, आता समुद्र आलाय तर होमरच्या ओडिसियससारखं उताणं झोपून घरी जायचंय. आणि सगळे टाळ्या देतात. 

मग चिरिसोफस जहाजं आणायला जातो आणि वेळेत येतच नाही. बसा चालत.